काकूसमोर चार घमेली

ता. ६ जानेवारी

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानातून निघालेला टेम्पो परवा पोचला. शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, गव्हाचा कोंडा, तुरीची चुणी आणि ते नवं गोळीखाद्य, सगळी पोती सुखरूप उतरली. उतरवून घेताना तुमच्या बंधूंनी प्रत्येक पोत्याचं तोंड उघडायला लावलं, कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माल वर काढून हुंगला आणि चिमूटभर जिभेवर ठेवला. टेम्पोवाला माझ्याकडे बघत होता आणि मी आभाळाकडे. सख्ख्या बहिणीच्या दुकानचा माल आहे, असं मी हळूच म्हटलं, तर म्हणाले की नातं वेगळं आणि बुरशी वेगळी.

जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस निवृत्त होऊन घरात बसला की काहीतरी मोजणारच, याची मला कल्पना होती. मला वाटलं होतं साखर मोजतील, फार तर माझा हात किती सैल आहे ते मोजतील. पण त्यांनी तीन गाई आणल्या आणि माझ्यावरचं संकट गोठ्यावर गेलं. गोठ्यात एक फळा लावलाय. त्यावर प्रत्येकीच्या नावापुढे ओला चारा किती, सुका किती, खुराक किती, मीठ किती, काय आवडतं आणि काय नको, हे खडूनं लिहिलेलं असतं. त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे हे मला त्या फळ्यामुळे कळलं. मला आजवर चिठ्ठी म्हणून आली ती दळण आणायची.

आमच्यातली थोरली गाय काकू. फाटकापाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे नापसंतीनं बघते म्हणून हे नाव मीच ठेवलं. बाकीच्या दोघी ठेंगणी आणि लांडी. त्या समोर येईल ते खातात, म्हणून त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. काकूनं मात्र मध्यंतरी खुराकाकडे पाठ फिरवली आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. मग परीक्षा झाली. तिच्यासमोर चार घमेली मांडली, चारांत चार तऱ्हेचं खाद्य. हे समोर बसले हातात घड्याळ घेऊन, माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. काकूनं चारही घमेली हुंगली, पुन्हा एक फेरी मारली, आणि भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीत तोंड घातलं. लेक परीक्षेत पास झाला होता तेव्हाही ह्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता. मला म्हणाले की बघ, मुकं जनावर आहे, पण विचारलं तर किती स्पष्ट सांगतं. मी म्हटलं, बघितलं.

ही परीक्षा बघायला ह्यांचे गोठामित्र आले होते, निवृत्त पोस्टमास्तर आणि ते वकील. दोघे हल्ली रोज येतात आणि नेमके जेवणाच्या वेळेला येतात. पेंडीतल्या प्रथिनांवर बोलता बोलता तिघं मिळून भांडी रिकामी करतात. मागाहून मी बसते. भाताची खरवड असते आणि कालवणाचं भांडं असतं. त्यात कालवण असेलच असं नाही. पण माझं काय, मी काही दूध देत नाही.

स्टूल अजून गोठ्यातच आहे. मी भाजी उभ्यानं चिरते.

भावोजींना नमस्कार. लोभ तुमचा आहेच, तो चुणीच्या पोत्यासारखा गळ्याशी आवळलेला नसावा, ही विनंती.

तुमची,
भावजय


ता. १५ जानेवारी

चि. सौ. वहिनीबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गल्ल्यावर बसून वाचलं आणि इतकी हसले की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या म्हशीलाच हसले. तो बिचारा सरकी पेंड परत ठेवून कोंडा घेऊन गेला.

इथे दुकानात लोक खाद्य कसं निवडतात हे तुला ठाऊक नाही म्हणून सांगते. एकाला पोत्यावरचं गाईचं चित्र आवडतं. दुसरा शेजाऱ्यानं काय नेलं ते विचारतो आणि त्याहून एक पोतं जास्त नेतो. शेजाऱ्याच्या दहा गाई आहेत आणि ह्याच्या दोन शेळ्या, ही गोष्ट त्याला गौण वाटते. एक जण गाभण गाईलाही तेच घालतो, आटलेल्या गाईलाही तेच आणि वासरालाही तेच. कारण विचारलं तर म्हणतो की आम्ही घरात सगळे एकच भाजी खातो. आणखी एक आहे तो स्वस्तातलं स्वस्त खाद्य नेतो आणि दूध कमी झालं की आमच्या ह्यांच्याशी भांडायला येतो. हे बिचारे तागडीमागे उभे राहून मान डोलावतात. भांडण चालू असताना ते माल वजन करतात, म्हणून आमचं दुकान चालतं.

ह्या सगळ्या जत्रेत आपला मोजणीदार एकटा असा, की जो शहाण्यासारखं विचारतो. गाय कितव्या महिन्यात आहे, दूध किती देते, दात कसे आहेत, घरी ओला चारा कोणता मिळतो, त्यात कमी काय पडतं, आणि मग त्या कमीपुरतंच पोतं मागतो. खाद्य बदलायचं तर आठवडा-दहा दिवस लावतो, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळतो. त्याचं काही चुकत नाही, हीच तर पंचाईत आहे. चुकला असता तर दोन शब्द सुनावता आले असते.

आता तुझ्याबद्दल. पानभर पत्र लिहिलंस, त्यात तीन गाईंची खुशाली आली आणि तुझी आली ती दोन ओळींत, तीही रिकाम्या भांड्यातून. मला वाचता येतं. मागे लग्नकार्यात भेटलो तेव्हा तुझ्या पोलक्याच्या बाह्या दंडावर घट्ट बसत होत्या. परवा तुझ्या लेकानं पाठवलेल्या फोटोत त्या दोरीवर वाळत घातल्यासारख्या दिसतात. मला खरं काय ते कळव. आणि त्या पोस्टमास्तरांना सांग की जेवण टपालात येत नसतं.

स्टूल मागून घे. मागितल्याशिवाय आमच्या घरातल्या पुरुषांना काही ऐकू येत नाही, हा खानदानी आजार आहे.

माझा लोभ तुझ्यावर आहे तसाच आहे. तुझाही असावा, आणि पुढच्या पत्रात गाईंहून जास्त तू असावीस.

तुझी,
नणंद


ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दटावलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

मागच्या आठवड्यात माझी अंगठी हरवली. लग्नातली. घर पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी ती सापडली काकूच्या गव्हाणीत, कोंड्यामध्ये. मी कोंडा कालवत होते तेव्हा बोटातून निसटली असणार. एके काळी ती साबण लावूनही निघत नव्हती. ह्यांना सापडली आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता विचारतील की बोटं एवढी का वाळली. त्यांनी मला गोठ्यात उभं करून अर्धा तास सांगितलं की जनावराच्या पोटात धातूचा तुकडा गेला तर तो आतून काळजापर्यंत कसा टोचत जातो. दुपारी बाजारात जाऊन लोहचुंबक आणलं. आता रोज कोंडा कालवण्याआधी त्यात चुंबक फिरवतात. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे मी बोलले नाही. अंगठी मी डब्यात ठेवून दिली आहे.

काकूचं मात्र बरं चाललंय. दूध वाढलंय, अंगावर तकाकी आलीय. तिच्या छातीभोवती हे दर रविवारी फीत धरतात आणि वाढ झाली की शीळ घालतात. मी खोटं बोलणार नाही, मलाही बरं वाटतं. बिचारी खंगली होती, ते ह्यांच्या लगेच ध्यानात आलं.

आता माझं. शुक्रवारी गोठ्यातून घमेलं उचलून येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दारातच बसले. बसले म्हणजे पडले. लांडी तेवढी होती बघायला. दुसऱ्या दिवशी भाजीला जाते सांगून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पापणी ओढून बघितली, रक्त तपासलं, आणि रक्त फार कमी झालंय म्हणाल्या. गोळ्या दिल्यात. पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, जेवण वेळेवर आणि पोटभर हवं, पालेभाजी, कडधान्यं, अंडी असं हवं, असंही बजावलं. महिन्याभरात आकडा वर आला नाही तर दवाखान्यात दाखल व्हावं लागेल. मी मान हलवली आणि घरी येऊन तिघांना वाढलं.

वन्सं, तुम्हाला माझी शपथ आहे, ह्यांना माझ्या प्रकृतीबद्दल एक अक्षर कळवायचं नाही. तुम्ही म्हणाल हा कसला हट्ट. असेल हट्ट. मी सांगितलं तर हे सगळं करतील, मला माहीत आहे, माणूस वाईट नाही. पण सांगून करून घेतलं तर त्यात राहिलं काय. काकूनं कुठे सांगितलं होतं?

तेव्हा कागदावर शब्द द्या आणि पाळा. लोभ आहे म्हणूनच हे एवढं लिहिलं, तो असाच राहू द्यावा.

तुमची,
भावजय


ता. १० फेब्रुवारी

चि. मोजणीदार यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वहिनीला वेगळं पत्र टाकते आहे, तिनं एक शब्द मागितला होता तो दिला आहे, एवढं तिला सांग. हे पत्र खास तुला. तुझ्या गोठ्याची कीर्ती इथवर आली आहे. आमचे हे गिऱ्हाइकांना तुझे दाखले देतात. परवा तर एकाला म्हणाले की माझ्या मेव्हण्यानं नुसत्या वासावरून मुरघासाचा चारा बिघडलेला ओळखला. तू कधी ओळखलास मला ठाऊक नाही, पण धंद्यात थोडं वाढवून सांगावं लागतं.

कामाचं सांगते. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी एक जनावर आहे, त्याबद्दल तुझा सल्ला हवा. वय उतरतीला लागलेलं, जातीनं चांगलं, स्वभावानं अगदी गरीब. त्या घरात सगळ्यांत जास्त राबतं ते हेच. पण गव्हाणीपाशी बाकीच्यांचं खाऊन झाल्याशिवाय पुढे येत नाही. मग उरलंसुरलं चाटतं. बाहेरची जनावरं आली की तीही आधी तोंड घालतात, तेव्हा उरलंसुरलंही उरत नाही. अंगावरचं मांस उतरलंय. जे बंधन आधी घट्ट बसायचं ते आता आपोआप गळून पडतं. पापणीचा आतला भाग पांढुरका झालाय. मध्यंतरी तर चालता चालता दारात कोसळलं. तरी हंबरत नाही.

मालकाला विचारलं तर काही तक्रार नाही म्हणतो. त्याच्या घरी पोती भरलेली आहेत, चारा मुबलक आहे. तेव्हा प्रश्न असा की, खाद्य कोणतं निवडावं? तू ह्यातला जाणकार, सविस्तर लिही. हातचं राखून लिहू नकोस, मालक माझ्या ओळखीचा आहे, त्याला मी जसंच्या तसं वाचून दाखवीन.

तुझा लोभ मला लहानपणापासून ठाऊक आहे, अर्धा लाडू देऊन पाऊण परत मागायचास. या वेळी पुरता असावा.

तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी ते पोस्टमास्तर आणि वकिलांनाही जेवताना वाचून दाखवलं. दोघांचं मत पडलं की असल्या माणसाला जनावर पाळायची परवानगीच असू नये. वकील तर म्हणाले की खटला उभा राहू शकतो.

ताई, तू विचारतेस खाद्य कोणतं निवडावं. अगं, खाद्याचा प्रश्न मागाहून. पोती भरलेली असून जनावर खंगतंय, म्हणजे दोष पोत्यात नाही, मालकाच्या डोळ्यांत आहे. गोठ्यात एखादं गरीब जनावर मागे राहतं आणि दांडगी पुढे घुसतात, हे गुरं राखणाऱ्या कुणालाही कळतं. त्यावर उपाय एकच, त्याची गव्हाण वेगळी करायची आणि सगळ्यांच्या आधी त्याला वाढायचं. आधी, हे दोनदा वाचून दाखव. उरलेलं खाऊन जगणाऱ्या जनावराला चाऱ्यातल्या फक्त जून दांड्या मिळतात, कस असतो तो बाकीचे खाऊन गेलेले असतात. पोट भरल्यासारखं दिसतं आणि रक्त आटतं. पापणी पांढरी, म्हणजे हे आजचं नाही, पुष्कळ दिवस चालू असणार. ह्या मालकानं इतके दिवस बघितलं काय?

आता खाद्य. हिरवा कोवळा चारा रोज हवाच, त्यानं रक्त भरतं. नुसत्या सुक्यावर ठेवू नये. खुराकात पेंड हवी, पण एकदम घालू नये, दुबळ्या पोटाला नवं खाद्य ओळखायला आठवडा-दहा दिवस द्यावे लागतात. थोडं, ताजं आणि वेळच्या वेळी. शिळं, आंबलेलं, बुरशीचं त्याच्यापुढे टाकायचं नाही. त्याला काय आवडतं ते मालकाला ठाऊक नसेलच, तर चार घमेली मांडून समोर बसावं आणि बघावं. उठून जाऊ नये. जनावर लाजतं, त्याला वेळ लागतो.

हंबरत नाही, असं तू लिहिलंस. काही हंबरत नाहीत. म्हणून तर त्यांच्याकडे बघायचं असतं. मुकं आहे म्हणून बरं चाललंय असं समजणाऱ्या माणसाला मी गुन्हेगार मानतो. अशा माणसाला महिनाभर सगळ्यांच्या शेवटी बसवावं आणि उरलेली गव्हाण चाटायला लावावी, म्हणजे त्याला आहारशास्त्र समजेल. हे माझ्या नावानं वाचून दाखव. आणि मला त्याचा पत्ता कळव. मी स्वतः जाऊन चार शब्द सुनावीन.

इकडे सर्व ठीक. काकूची छाती आणखी वाढली. तुझी वहिनीही ठीकच असावी, तिची काही तक्रार नाही.

भावोजींस नमस्कार. लोभ असतोच, तो वाढत्या मापानं मिळावा.

तुझा,
भाऊ


ता. २१ फेब्रुवारी

चि. मोजणीदार यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र उत्तम. एक शब्दही खोडावासा वाटला नाही. पत्ता मागितलास तो देते.

त्या घराच्या गोठ्यात एक स्टूल आहे, ते मूळ स्वयंपाकघरातलं आहे. ज्या बाईचं ते आहे ती उभ्यानं भाजी चिरते. फडताळात एक नवं लोहचुंबक आहे. ते ज्या अंगठीमुळे आणलं ती अंगठी हल्ली बोटात राहत नाही म्हणून डब्यात ठेवलेली आहे. बाहेरची जी जनावरं आधी तोंड घालतात, त्यातलं एक पूर्वी टपालकचेरी सांभाळायचं आणि दुसरं वकिली करतं. त्यांनाच तू निवाडा विचारलास, तोही जेवता जेवता, हे वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले.

मी तुला वहिनीबद्दल काही कळवणार नाही असा शब्द तिला दिला होता. तो पाळला आहे. मी जनावराबद्दल विचारलं, सल्ला तू दिलास, शिक्षाही तूच लिहिलीस. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकलं होतं, पण तुझ्या घरी तर दिव्यानं फळा उजळलाय.

आता तिच्यापुढे माझं नाव घेऊन भांडत बसू नकोस. जा आणि बघ. उठून जाऊ नकोस, हे तुझेच शब्द.

लोभाचं नंतर बघू.

ताई


ता. २५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दिलेल्या पत्त्यावर जाऊन आलो. गोठ्यातून स्वयंपाकघरात. मालकाला जे सुनावायचं ठरवलं होतं त्यातलं काही बोलता आलं नाही.

ती ओट्यापाशी उभी राहून डाळ निवडत होती. तुझी पापणी बघू का, असं मी विचारलं. तिला वाटलं, मला ताप आलाय. पण तिनं बघू दिली. तू लिहिलं होतंस तशीच आहे. मला फार भीती वाटली, ताई. कोणत्याही जनावराच्या वेळी अशी वाटली नव्हती.

उद्या तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे जातो आहे. त्या वजन विचारतील. तिचं आधीचं वजन किती होतं ते मला माहीत नाही. काकूचं आणल्या दिवसापासूनचं तोंडपाठ आहे. तुला माहीत असेल तर कळव.

आणखी एक. चार घमेल्यांत, म्हणजे वाट्यांत, काय ठेवायचं तेही कळव. तिला काय आवडतं ते आठवायला बसलो. मला एकही पदार्थ सुचला नाही.

लोभ मागायला तोंड नाही. तरी असू द्यावा.

भाऊ


ता. २० मार्च

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही काय कळ फिरवलीत ते मी विचारत नाही. तुम्ही शब्द मोडला नाही असं हे मला दोनदा सांगून चुकले, आणि ज्या तोंडानं सांगितलं त्यावरून मला कळायचं ते कळलं. तुम्ही शब्द पाळलात आणि त्याचं दिवाळंही काढलंत. बाकी ह्यांना अंगठी सापडली तेव्हाच दिसायला हवं होतं, ही माझी रुखरुख जायची नाही. पण पत्रानं का होईना, आले आणि बघितलं.

आधी खुशाली. रक्त वर चढतंय. डॉक्टरीणबाईंनी दाखल व्हायची गरज नाही म्हणून सांगितलं. ते ऐकून हे तिथेच खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे पुसले. मग सावरून बाईंना विचारलं की पालेभाजी कोवळी द्यायची की जून, आणि मात्रा वजनाच्या हिशोबानं की वयाच्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघायला गेले तर वर पंखा होता.

स्टूल घरात आलं आहे. मी बसून भाजी चिरते. पोस्टमास्तर आणि वकील चहापुरते येतात. वकिलांना ह्यांनी काय सांगितलं देव जाणे, मला बघितलं की ते उठून उभे राहतात. आणि जेवायला मी आधी बसते. हे मागाहून, ओट्यापाशी उभ्यानं, भांड्यातलं खरवडून खातात. मी म्हटलं की आता पुरे झालं, बरोबर बसा. तर म्हणाले की महिना पुरा व्हायचाय, हे वैद्यकीय आहे. मी आग्रह केला नाही. खरवड कशी लागते ते कळू दे.

आता चार वाट्यांचं सांगते. पहिल्याच रविवारी मला स्टुलावर बसवलं. समोर चार वाट्या, चारही ह्यांनी स्वतः केलेल्या. पालकाची भाजी, मुगाची उसळ, उकडलेली अंडी आणि चौथ्या वाटीत कारलं. घड्याळ मात्र खिशात ठेवलं, तेवढी अक्कल आली म्हणायची. म्हणाले की सावकाश, घाई नाही. तुम्हालाही विचारून बघितलं होतं म्हणे, माझ्या आवडीचं. तुम्हीही हात वर केलेत. मला राग नाही आला, वन्सं. मी त्या वाट्यांकडे बघत बसले आणि माझ्या ध्यानात आलं, मलाही माहीत नाही. सासूबाईंना मऊ भात लागायचा, लेकाला तिखट, ह्यांना कारलं, पाहुण्यांना त्यांचं त्यांचं. मला काय लागतं हे विचारायला माझ्याकडे कोणी आलं नव्हतं, मीसुद्धा नाही. काकूनं चार घमेली हुंगली आणि एकात तोंड घातलं. मला ते जमेना. मी पदर तोंडाला लावून रडले. हे उठून गेले नाहीत. समोर जमिनीवर बसून राहिले.

मग मी एकेक वाटी चाखली. पालक खारट होता. उसळ बरी होती. अंडी सोलताना अर्धी टरफलाबरोबर गेली होती. चौथ्या वाटीपाशी आले आणि हात आपोआप मागे आला. ह्यांनी कारलं मुद्दाम केलं होतं, कारण ते आपल्या घरी आठवड्यातून दोनदा होतं, तेव्हा मला आवडतच असणार. मी ती वाटी बोटानं पुढे सरकवली आणि म्हटलं की मला कारलं आवडत नाही. लग्न झाल्यापासून मी ते शिजवते आहे, वन्सं, आणि एवढंसं वाक्य बोलायला मला म्हातारपण यावं लागलं. बोलले आणि मला हसूच आलं. ह्यांनाही आलं, पण त्यांचं जरा उशिरा.

हल्ली कारलं हवं असेल तेव्हा हे स्वतःच करतात. करपवतात. कौतुकानं विचारतात, घेतेस का. मी नाही म्हणते. रोज नाही म्हणायला मला फार बरं वाटतं.

काल गोठ्यात गेले तर फळ्यावर चौथी ओळ दिसली. ठेंगणी, लांडी, काकू, आणि काकूच्या खाली मी. तुम्ही म्हणाल, हिला चीड कशी आली नाही. यायला हवी होती, मी वाटही बघितली. पण अक्षर सुंदर होतं आणि माझ्या नावापुढे खडूनं लिहिलं होतं: कारलं नको. बाकी तपास चालू आहे.

भावोजींना नमस्कार. पुढच्या टेम्पोबरोबर पेंड आणि कोंडा नेहमीप्रमाणे पाठवा, आणि तुम्हीही या, तुम्हाला काय आवडतं ते मलाही विचारायचं आहे. लोभ आहेच, तो आता दोन्हीकडून पोटभर असावा.

तुमची,
भावजय